जुना पेट्रोल ट्रक उंचीवर नेताना: फिरती सुई की बदलते जेट?

पेट्रोलवर चालणारा जुना ट्रक घेऊन लडाखला किंवा स्पितीला जायचे ठरले, की कार्ब्युरेटरचे (हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाचे) काय करायचे हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, आणि पुण्यातल्या जाणत्या मेकॅनिकांना विचारले तर त्याची दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे मेन जेटच्या (ज्याच्या बारीक भोकातून इंजिनाला पेट्रोल मिळते त्या तुकड्याच्या) जागी बाहेरून फिरवता येणारी सुई बसवून घ्यायची आणि चढ-उतारानुसार ती आत-बाहेर करत राहायची. दुसरे म्हणजे मूळ सोलेक्स कार्ब्युरेटरला हात न लावता लहान मापाचा मेन जेट सोबत न्यायचा आणि डोंगर सुरू होण्याआधी तो बदलायचा. माझा ट्रक हरिकेन इंजिनाचा महिंद्रा एफसी-१५० आहे. मनाली-लेह रस्त्यावर मी त्यावर दोन्ही व्यवस्था वापरलेल्या आहेत, म्हणून हा आढावा.

ज्यांची धाव महाबळेश्वर-पाचगणीपर्यंतच आहे त्यांनी यातले काहीच करू नये. पुणे ५६० मीटरवर आहे आणि महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. एवढ्या फरकाने मिश्रण जेमतेम चार टक्के रिच (जादा पेट्रोलचे) होते आणि पसरणी घाटात ते इंजिनाला जाणवतही नाही. फार तर आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन चालते तेव्हाच्या मिश्रणाचा, मिक्श्चर स्क्रू किंचित आत घ्यावा.

लेहचे गणित वेगळे आहे. तिथे ३५०० मीटरवर हवेची घनता पुण्याच्या मानाने सुमारे एक चतुर्थांशाने कमी असते, पण कार्ब्युरेटरमधून येणारे पेट्रोल त्या प्रमाणात घटत नाही. ते साधारण एक सप्तमांशानेच घटते, कारण जेटमधला प्रवाह घनतेच्या वर्गमुळाबरोबर बदलतो. उरलेले जादा पेट्रोल प्लग काळे करते, धूर काढते आणि चढावर इंजिनाचा दम काढते. ते आटोक्यात आणायचे तर जेटच्या भोकाचे क्षेत्रफळ सुमारे १४ टक्के, म्हणजे व्यास सुमारे सात टक्के कमी करावा लागतो. सोलेक्सच्या जेटवरचा १२० हा आकडा १.२० मिलिमीटर व्यास सांगतो, तेव्हा १२० च्या जागी साधारण ११० हे उत्तर या हिशेबातून आपोआप निघते. मात्र हवेअभावी गेलेली ताकद कोणत्याच उपायाने परत येत नाही, ही अपेक्षा दोन्ही पक्षांनी सोडून द्यावी.

सध्याच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने यात एक गुंता वाढवला आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असल्यामुळे त्याच जेटवर मिश्रण पूर्वीपेक्षा लीन (कमी पेट्रोलचे) होते आणि काही जुन्या गाड्यांना पुण्यातच एक माप मोठा जेट लागतो. म्हणून जेटचा पायाचा आकडा आधी इथेच, कात्रजच्या किंवा खंबाटकीच्या चढावर गाडी ओढून आणि प्लगचा रंग पाहून पक्का करावा, मग त्यातून वजाबाकी करावी.

सुईच्या बाजूने प्रामाणिकपणे बोलायचे तर तिचा मोठा गुण नाकारता येणार नाही. मनाली-लेह रस्ता एका उंचीवर राहत नाही. केलाँग सुमारे ३१०० मीटरवर, बारालाचा खिंड सुमारे ४९०० वर, तांगलांग ला ही खिंड ५३०० च्याही वर आणि लेह पुन्हा ३५०० वर. प्रत्येक टप्प्याला पाव फेरा आत किंवा बाहेर करून इंजिन नीट लावता येते. बारालाच्याच्या चढावर सुईवर असताना माझा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये जसा मोकळा ओढत होता तसा तो ११० च्या जेटवर ओढला नाही, असे मला वाटते. जेट हा शेवटी मधला मार्ग आहे. तो लेहला बरोबर बसतो, पण खिंडींवर थोडा रिच पडतो.

तरीही माझा कौल सुईकडे गेला नाही, आणि त्याचे कारण ओढीत नसून केबिनमध्ये आहे. एफसीचे इंजिन दोन सीटांच्या मध्ये, एका झाकणाखाली असते. सुईची दांडी कार्ब्युरेटरच्या अंगातून जिथे बाहेर येते तिथे एक छोटा ग्लँड नट आणि आत पॅकिंग असते. हे पॅकिंग दांडीला घट्ट धरते तेव्हा सुई फिरवणे जड जाते, आणि सुई बोटांनी फिरेल इतका नट सैल ठेवला की खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी तो आणखी सैल होऊन पेट्रोल पाझरू लागते. थेंब पडत नाही. नटाखाली फक्त एक ओलसर, धूळ धरलेला डाग दिसतो, आणि कागदाचा तुकडा टेकवला तर तो क्षणात ओला होऊन तितक्याच झटपट वाळतो. जिस्पाच्या पुढे या डागाचा वास बंद काचांच्या केबिनमध्ये भरून राहिला. सरचूच्या आधी पत्नीचे डोके दुखू लागले आणि मळमळ सुरू झाली.

इथे खरी अडचण उभी राहते. ४२०० मीटरच्या वर डोकेदुखी आणि मळमळ ही विरळ हवेच्या त्रासाचीही पहिली लक्षणे आहेत, आणि तो त्रास असेल तर वर चढणे थांबवून खाली उतरणे हाच उपाय असतो. पेट्रोलच्या वासाने तेच होत असेल तर काच उघडून नट आवळणे पुरते. यातले कोणते कारण खरे, हे ठरवायला तिथे आपल्या हाती काहीच नसते. आम्ही मागे फिरलो आणि जिस्पाला मुक्काम केला. सकाळी तिला बरे वाटले, पण कारण कोणते होते हे मला आजही सांगता येणार नाही. ज्या रस्त्यावर माणसाचे शरीर नीट वाचता आले पाहिजे, तिथे ते वाचणे अशक्य करणारी वस्तू गाडीत नको, असे माझे मत तेव्हापासून झाले आहे.

दुसरी एक गोष्ट त्यामानाने लहान आहे, पण इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाची. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून परतीच्या वाटेवर लाहौलमधून मनालीला फार लवकर उतरता येते आणि पुढे कुल्लूपर्यंत उंची १३०० मीटरच्या आत येते. सुई वेळेवर परत उघडली नाही तर मिश्रण लीन राहते, आणि लीन इंजिन तक्रार करत नाही, उलट बराच काळ स्वच्छ चालल्यासारखे वाटते. हरिकेनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असल्यामुळे आधीच तापतात, त्यांना हे सोसत नाही. जेटच्या बाबतीत १२० चा जेट परत बसवणे हे मनालीच्या मुक्कामातले एक ठरलेले काम असते.

जेट बदलण्याचा त्रासही कमी लेखू नये. सोलेक्स ३२ पीबीआयसीमध्ये मेन जेट फ्लोट चेंबरच्या (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या कप्प्याच्या) बाहेरून काढता येणाऱ्या होल्डरमध्ये असतो, त्यामुळे कार्ब्युरेटर उतरवावा लागत नाही. पण होल्डर सैल केला की चेंबरमधले पेट्रोल हातावर येते. त्यावर उपाय असा की इंजिन चालू ठेवून पेट्रोल कॉक (पेट्रोलचा नळ) बंद करावा, गाडी आपोआप बंद पडू द्यावी आणि इंजिन पूर्ण गार झाल्यावरच पाना लावावा. फायबर वॉशर प्रत्येक वेळी नवा वापरावा. जुन्या बाजारातून जेट घेताना मात्र जपावे. कोणी तरी तार किंवा ड्रिल घालून मोठे केलेले जेट तिथे मिळतात, ज्यांवर अंक ११० असतो आणि भोक कितीही. १.१० मिलिमीटरच्या ड्रिलची मागची दांडी भोकात अलगद बसते का आणि त्याहून जाड दांडी अडते का, एवढे पाहिले तरी फसगत टळते. नाना पेठेत नवे जेट शोधले तर बहुधा मिळतात.

इग्निशन टायमिंग, म्हणजे प्लगची ठिणगी पडण्याची वेळ, दोन्ही पर्यायांत सारखेच. विरळ हवेतले मिश्रण सावकाश जळते म्हणून दोन-तीन अंश ॲडव्हान्स द्यावा, म्हणजे ठिणगी तेवढी आधी पाडावी, आणि खाली उतरण्याआधी तो काढून घ्यावा.

ज्यांचे इंजिन बॉनेटखाली, केबिनच्या बाहेर आहे, आणि जे केलाँग ते लेह अशी ये-जा पुन्हा पुन्हा करणार आहेत, त्यांनी सुईचा विचार जरूर करावा. त्यांच्या बाबतीत माझा मुख्य आक्षेप बराचसा गळून पडतो. जीपवाल्या एका स्नेह्यांची सुई समाधानाने चालू आहे आणि त्यांच्याशी वाद घालण्याचे मला कारण दिसत नाही. एफसी किंवा तशाच केबिनमधल्या इंजिनाचा ट्रक असेल, आणि शेजारी घरचे माणूस बसणार असेल, तर ११० चा जेट, चार फायबर वॉशर आणि योग्य मापाचा पाना एका डबीत ठेवावा आणि निघण्याआधी घरीच, गार इंजिनावर, जेट एकदा काढून घालून पाहावा.