लंडनमधलं सर जॉन सोनचं घर, नक्की बघा

लंडनला जाणार असाल तर लिंकन्स इन फील्ड्स या चौकातलं हे घर, आता म्युझियम, चुकवू नका, एन्ट्री फ्री आहे. सोन म्हणजे बँक ऑफ इंग्लंडचा आर्किटेक्ट, त्याने १७९२ पासून १८२४ पर्यंत एकाला एक लागून असलेली तीन घरं, नंबर १२, १३ आणि १४, पाडून नव्याने बांधली. आता असं घर म्हटलं की दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तिथे खिडकी काढायची सोयच नाही, मग याने बराचसा उजेड वरून आणलाय, कुठे छताच्या काचेतून, कुठे पिवळ्या काचेतून, आणि ब्रेकफास्ट रूमच्या घुमटाखाली तर बहिर्गोल आरसे लावलेत त्यामुळे एवढीशी खोली केवढी मोठी वाटते! मला सगळ्यात आवडली ती हीच.

पिक्चर रूमच्या भिंती कपाटाच्या दारांसारख्या उघडतात, आत अजून चित्रं, होगार्थ या इंग्लिश चित्रकाराची पण आहेत. तळघरात इजिप्तच्या राजाची, पहिल्या सेतीची दगडी शवपेटी आहे, ब्रिटिश म्युझियमने २००० पौंड द्यायला नाही म्हटल्यावर सोनने १८२४ मध्ये घेतली. १८३३ मध्ये त्याने पार्लमेंटचा कायदाच करून घेतला, घर आहे तसंच ठेवायचं म्हणून, आणि खरंच तसंच ठेवलंय.

जागा अरुंद आहे, वस्तूंजवळ लेबलं फारशी नाहीत, गर्दीत त्रास होतो. मोठी बॅग नेऊ नका, आणि पिक्चर रूमच्या भिंती कधी उघडणार ते आत गेल्या गेल्या स्टाफला विचारा.