भेटावं, फोन करावा की मेसेज? फोन नकोसा वाटणाऱ्यांसाठी

फोन वाजला की पोटात गोळा येतो. दोन ओळींच्या मेसेजला उत्तर लिहायचं तर अर्धा तास मोडतो. तीच व्यक्ती समोर येऊन बसली, तर मात्र गप्पा कधी रंगल्या आणि चहा कधी गार झाला हे कळतही नाही. अशी माणसं पुष्कळ आहेत, आणि घरचे, नातेवाईक त्यांना माणूसघाणं ठरवून मोकळे होतात. मला हे अन्यायाचं वाटतं. समोर बसून मनापासून बोलणारा माणूस माणूसघाणा कसा असेल? मलाही फोन आवडत नाही. पण नोकरी, मुलांची शाळा, डॉक्टर, गावाकडची माणसं या सगळ्यांत फोन आणि व्हॉट्सॲप पूर्ण टाळताही येत नाही. म्हणून कोणतं बोलणं कशावर करायचं, हे शांतपणे ठरवून ठेवलेलं बरं.

ठरवताना मी एक प्रश्न आधी विचारते. या बोलण्यात समोरचा मध्येच गप्प झाला, तर तो का गप्प झाला हे मला कळायला हवं आहे का? हवं असेल तर भेटायचं. नसेल तर फोन किंवा मेसेज चालतो, आणि कधी कधी तोच जास्त बरा असतो.

गप्प बसण्याची सोय

समोरासमोर बसलेल्या दोघांना गप्प बसता येतं. कुणी चहा ओततं, कुणी खिडकीबाहेर बघतं, कुणी नुसतं 'हं' म्हणून सुपारी कातरत राहतं. बोलणं थांबलं तरी भेट चालू असते. फोनवर ही सोय नाही. तीन-चार सेकंद आवाज आला नाही की लगेच 'हॅलो? ऐकू येतंय ना?' सुरू होतं. ऐकणाऱ्याला सतत 'हं... बरं... हो का...' असा हुंकार भरत राहावा लागतो, नाहीतर बोलणाऱ्याला वाटतं फोन कट झाला. मेसेजमधली शांतता तर आणखी वाईट. व्हॉट्सॲपने २०१४ मध्ये निळ्या खुणा आणल्या, तेव्हापासून मेसेज वाचला हे कळतं. उत्तर का आलं नाही, हे मात्र आपलं आपण रचत बसायचं.

या अस्वस्थतेचं कारण बोलण्याच्या लयीत आहे. २००९ साली नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेतल्या संशोधकांनी जगभरातल्या दहा भाषांमधलं रोजचं साधं बोलणं तपासलं. मराठी त्यात नव्हती. जपानी, डॅनिश, कोरियन, लाओ अशा एकमेकींपासून दूरच्या भाषा होत्या. एकाचा प्रश्न संपून दुसऱ्याचं उत्तर सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा भागच लागतो, असं दिसलं. भाषेगणिक थोडा फरक होता, पण ठोका सगळीकडे साधारण तोच. एवढ्या वेळात विचार करून उत्तर तयार होणं शक्य नाही. म्हणजे समोरच्याचं वाक्य चालू असतानाच ते कुठे संपणार हे आपण ताडत असतो, आणि समोर बसलो असू तर त्यात त्याची नजर, श्वास, हाताची हालचाल हे सगळं मदतीला येतं.

फोनवर ही मदत जाते आणि वर उशीर येतो. आवाज एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त लागू नयेत, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. इंटरनेटवरून केलेल्या कॉलमध्ये, नेटवर्क कमी असलं की, ही मर्यादा सहज ओलांडली जाते. मग दोघं एकदम बोलायला लागतात, दोघं एकदम थांबतात, 'बोल बोल', 'नाही, तू बोल'. शिवाय जुन्या पद्धतीच्या टेलिफोन लाइनवर आवाजाचा साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. 'स', 'श' यांसारख्या वर्णांमधला बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणून नाव सांगताना 'सकाळमधला स' असं फोड करून सांगावं लागतं. फोर-जीवर दोन्हीकडे सोय असेल तर आवाज पुष्कळ भरीव येतो. तरीही तासाभराच्या फोनने डोकं जड होत असेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. डोळ्यांचं काम कानांवर पडलं की थकवा येणारच.

भेट: काय कळतं, किती पडतं

माझी आत्या सातारा जिल्ह्यात गावी एकटी राहते. फोनवर दर खेपेला 'मी बरी आहे गं, तू सांग' एवढंच. आवाज खणखणीत. व्हिडिओ कॉल केला तर तिचं कपाळ आणि वरचा पंखा दिसतो. मागच्या खेपेला गावी गेले तेव्हा दिसलं की जमिनीवरून उठताना ती दाराच्या चौकटीला धरून क्षणभर थांबते, मग पाऊल टाकते. फळीवर रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी होती, आणि अर्ध्या महिन्यात जेवढ्या संपायला हव्या होत्या त्याच्या निम्म्याही संपल्या नव्हत्या. फोनवर ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी ती बरीच होती.

त्या दुपारी ती पावटे सोलत बसली होती. मी पुण्याला येऊन राहण्याचा विषय काढला. ती काहीच बोलली नाही. शेंगा सोलणं चालूच. एका शेंगेत कीड निघाली, ती तिने बाजूला टाकली. परातीत दाण्यांचा बऱ्यापैकी ढीग झाल्यावर म्हणाली, 'दसऱ्यानंतर बघू.' हाच विषय फोनवर निघाला असता, तर त्या शांततेत मी आणखी चार कारणं पुढे केली असती आणि तिने चौथ्याला 'नको' म्हणून फोन ठेवला असता. मेसेजमध्ये 'बघू' वाचलं असतं तर तो नकारच वाटला असता. समोर होते म्हणून कळलं की ती मनातल्या मनात घराला कुलूप लावून पाहत होती.

म्हातारपणाची सोय, दुखणं, भावाबहिणींमधला घराचा किंवा जमिनीचा प्रश्न, मुलामुलीच्या लग्नाची बोलणी, तुटायला आलेलं नातं: या गोष्टींसाठी प्रवासाचे पैसे आणि सुट्टी खर्च करावी, असं माझं ठाम मत आहे. सांत्वनाला तर जावंच. गेल्यावर सुचत नाही म्हणून लोक जायचं टाळतात, पण तिथे काही सुचायची गरजच नसते. जाऊन बसणं हेच बोलणं असतं. फोनवर मात्र काहीतरी म्हणावंच लागतं, आणि मेसेजमध्ये 'भावपूर्ण श्रद्धांजली'शिवाय दुसरं काही उमटत नाही.

भेटीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मुंबई-पुण्यात एका भेटीला अख्खा रविवार जातो. आणि आपल्या घरांत भेट बहुधा दोघांची नसते. बैठकीच्या खोलीत सासरे, दीर, शेजारचे काका असतात; मोठ्या आवाजाचा माणूस बोलतो आणि जिचा प्रश्न आहे ती सून आत पोहे करत असते. अशा घरातली बाई गच्चीवर जाऊन केलेल्या फोनवर जे सांगते, किंवा रात्री मेसेजमध्ये जे लिहिते, ते समोरासमोर चार वर्षांत बोललेली नसते. तिला 'भेटून बोलू' म्हणणं म्हणजे तिचं तोंड बंद करणं. इथे माझी पसंती निःसंशय फोनला, नाहीतर मेसेजला.

समोर बसलेल्याला नकार देणं फार जड जातं, हेही ध्यानात ठेवा. वनेसा बोन्स आणि महदी रोघानिझाद या संशोधकांच्या २०१७ सालच्या अभ्यासात अनोळखी लोकांना एक प्रश्नावली भरून द्यायची विनंती करण्यात आली, काहींना प्रत्यक्ष, काहींना ईमेलने. प्रत्यक्ष विनंती ३४ पट जास्त वेळा मान्य झाली. वर्गणी मागायला, शाळेसाठी मदत गोळा करायला निघाला असाल तर घरोघरी जा. पण तुमच्याकडेच कुणी कर्जाला जामीन राहा म्हणून येऊन बसलं, तर तिथल्या तिथे हो म्हणू नका. 'घरी विचारून उद्या मेसेज करतो' म्हणा आणि दुसऱ्या दिवशी खरंच करा.

फोन: नावडता, पण आवाज त्यातच आहे

फोनची भीती बहुतेक वेळा तो उचलण्याआधीची असते. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांच्या २०२१ सालच्या अभ्यासात लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क करायला सांगितलं. फोनवर अवघडल्यासारखं होईल असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात फोनवर बोललेल्यांना अवघडलेपण ईमेलपेक्षा जास्त जाणवलं नाही, जवळीक मात्र जास्त वाटली.

याहून मला महत्त्वाचा वाटतो तो अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला प्रयोग. शाळकरी मुलींना अनोळखी माणसांसमोर गणितं सोडवायला लावून ताण दिला. नंतर काही मुली आईला भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी मेसेजवर बोलणं केलं. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरातला ताणाचा संप्रेरक कमी झाला. मेसेजवाल्या मुलींचा झाला नाही. ज्यांना आई मिळालीच नाही, त्यांच्यासारखीच त्यांची अवस्था राहिली. धीराचे शब्द त्यांनाही मिळाले होते, फक्त आईचा आवाज मिळाला नव्हता.

म्हणून बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांनो, फोन कितीही नकोसा असला तरी घरी करायचा फोन मेसेजवर भागवू नका. आईला टाइप करता येत नसेल तर प्रश्नच नाही. 'जेवलास का?' या प्रश्नाला उत्तर म्हणून ती आवाज ऐकत असते, जेवणाचा हिशोब मागत नसते.

फोन सोसवेल असा करता येतो. वार आणि वेळ ठरवून घ्या, म्हणजे अचानक वाजण्याची धास्ती जाते. चालता चालता बोला. हातापायांना काम असलं की मधली शांतता टोचत नाही. आणि सुरुवातीलाच सांगा, 'दहा मिनिटं आहेत माझ्याकडे.' आपल्याकडे 'ठेवू का?' म्हटल्यावर खरा विषय निघतो, त्याला जागा उरेल इतकं आधी थांबा.

अमेरिकेत राहणाऱ्यांची अडचण वेगळी. न्यू जर्सीत रात्रीचे साडेनऊ म्हणजे इकडे ऋतूप्रमाणे सकाळचे सात किंवा आठ. एकाचा दिवस सुरू होतोय, दुसऱ्याचे डोळे मिटतायत. तिथे व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज फार उपयोगी पडतो. आवाज पोचतो, हुंकार भरावा लागत नाही, आणि आजी तो पुन्हा पुन्हा लावून ऐकते.

मेसेज: काय टाकावं, काय टाकू नये

पत्ता, खाते क्रमांक, गाडीची वेळ, औषधाचं नाव, ठरलेली रक्कम हे लेखीच हवं. फोनवर ठरलेला व्यवहारही लगेच दोन ओळींत लिहून पाठवावा. ज्यांना ऐकू येत नाही, ज्यांची जीभ बोलताना अडखळते, ज्यांना उत्तर द्यायला थोडा वेळ लागतो, त्यांच्यासाठी मेसेज म्हणजे बरोबरीने बोलण्याचं साधन आहे. अशा माणसाला 'फोनच कर' असा हट्ट धरणं निर्दयपणाचं आहे.

भांडण मात्र मेसेजवर करू नये. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी लोकांना काही वाक्यं खरेपणाने आणि काही टोमणा म्हणून पाठवायला सांगितली. आपला सूर ७८ टक्के वेळा ओळखला जाईल, असा लिहिणाऱ्यांचा अंदाज होता. ओळखला गेला ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवून ठरवल्यापेक्षा जरासाच बरा. आवाजात तीच वाक्यं ऐकवली तेव्हा अंदाज आणि प्रत्यक्ष यांत थोडाच फरक पडला. लिहिताना आपल्या कानात आपला सूर वाजत असतो. वाचणाऱ्याच्या कानात त्याचा स्वतःचा.

फॅमिली ग्रुपवरचे रुसवे पाहिले की हे रोज पटतं. लग्नाची पत्रिका नुसती ग्रुपवर टाकल्याने दुखावलेले मामा मी पाहिले आहेत, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. सगळ्यांच्या घरी अक्षत घेऊन जाणं आता जमत नाही हे खरं. तरी घरातल्या थोरांना निदान फोन करावा आणि पत्रिका त्यानंतर पाठवावी.

नुसतं 'फोन कर' असं लिहून सोडून देऊ नका. वाचणारा त्या दोन शब्दांत दवाखान्यापर्यंत पोचतो. 'सगळं ठीक आहे, शनिवारच्या कार्यक्रमाबद्दल पाच मिनिटं बोलायचंय, संध्याकाळी कधी करू?' एवढं लिहिलं की फोनला घाबरणाराही उचलतो.

नोकरीत

इथे मी थोडक्यात आटोपते, कारण आपल्या हातात फार नसतं. नवीन ठिकाणी रुजू झालात तर पहिल्याच आठवड्यात साहेबांना सांगून टाका: 'तातडीचं असेल तर फोन करा, मी उचलेन, बाकीचं लिहून पाठवलंत तर नीट उत्तर देऊ शकेन.' बहुतेकांना हे चालतं. पगारवाढ, राजीनामा आणि हाताखालच्या माणसाची चूक हे तीन विषय दार लावून, समोर बसून. घरून काम करत असाल तर त्यासाठी एक दिवस ऑफिसला जा. व्हिडिओवर पर्यायच नसेल, तर स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट बंद करा. आपल्याच चेहऱ्याकडे बघत बोलायची कुणालाच सवय नसते, आणि ती चौकट गेली की समोरच्याकडे बघता येतं.