आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस कोर्स: सहा महिन्यांनंतर काय टिकतं

एमबीसीटी (माइंडफुलनेस-बेस्ड कॉग्निटिव्ह थेरपी, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे लक्ष देण्याच्या सरावावर आधारलेली विचारांवरची उपचारपद्धती) हा आठ आठवड्यांचा कोर्स मुळात नैराश्य उलटू नये म्हणून बांधलेला. सीगल, विल्यम्स आणि टीसडेल या मानसशास्त्रज्ञांनी तो जॉन कबाट-झिन यांच्या १९७९ सालच्या ताणनिवारण कार्यक्रमावरून बेतला. आठवड्याला दोनेक तासांचं एक सत्र, शिवाय घरी रोज ४०-४५ मिनिटं. खरी फी ती घरची मिनिटंच.

सुरुवात तळहातावरच्या एका बेदाण्याने होते. सुरकुत्या बघायच्या, वास घ्यायचा, जिभेवर ठेवून लगेच चावायचा नाही. पोरखेळ वाटतो. पण एरवी मूठभर बेदाणे तोंडात कधी गेले ते कळत नाही आणि काळजीचे विचारही तसेच आत जातात, हे तिथे लख्ख दिसतं.

बॉडी स्कॅनमध्ये पायाच्या अंगठ्यापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवायचं. जेवून गादीवर आडवं होऊन केलं तर गुडघ्यापर्यंत पोचायच्या आत घोरणं सुरू. जेवणाआधी करा, जमिनीवर सतरंजी घाला, डोळे अर्धवट उघडे ठेवा. तरीही डुलकी लागली तर खुर्चीत बसून.

चिंतेचा त्रास असणाऱ्यांची अडचण वेगळी. श्वासाकडे लक्ष नेलं की नकळत श्वास ओढायला लागतात आणि छाती आणखी आवळते. अशा वेळी श्वासाचा हट्ट सोडावा. डोळे उघडे ठेवून तळपायाखालची फरशी किंवा पंख्याचा आवाज धरावा.

सहा महिन्यांनी सर्वांत जास्त वापरात राहतो तो तीन मिनिटांचा थांबा. पहिलं मिनिट: मनात आणि अंगात आत्ता काय चाललंय त्याला नाव द्यायचं, ‘धडधड’, ‘उद्याची मीटिंग’. दुसरं: पोटाची हालचाल. तिसरं: सगळं शरीर एकदम. चहाचं आधण ठेवल्यावर केला की वेगळा वेळ काढावा लागत नाही. बिघडतो कुठे? घालमेल झाल्यावरच आठवतो आणि दर १० सेकंदांनी ‘गेली का?’ असं तपासलं जातं. ही तपासणी म्हणजे पुन्हा चिंताच. म्हणून मन बरं असताना दिवसातून तीनदा, ठरल्या वेळी.

नैराश्य ऐन जोरात असताना मात्र डोळे मिटून बसणं उलट पडू शकतं. ‘माझंच चुकलं’ची चक्की फिरत राहते. तेव्हा १० मिनिटं पावलांकडे लक्ष देत चालणं बरं. चालू गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. जीव द्यावासा वाटत असेल तर आधी टेली-मानस ही सरकारी मदतवाहिनी, १४४१६. फोन कोणत्याही वेळी चालतो.

‘त्यापेक्षा इगतपुरीला १० दिवस जा’ हा सल्ला हमखास मिळतो. विपश्यना शिबिर वेगळं: मौन आणि दिवसाला १० तासांच्या आसपास साधना. त्याच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तिथे खरं तेच लिहावं.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. तिसऱ्या दिवशी हटकून दांडी पडते.