फिक्स्ड की सिंगल स्पीड? एकाच सायकलवर अकरा महिने

सायकल एकच, मागचं चाकही एकच. त्या चाकाच्या एका बाजूला फिक्स्ड कॉग, म्हणजे चाकाशी पक्कं जोडलेलं दातेरी चक्र, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं, सिंगल स्पीडवालं चक्र. चाक काढा, उलटं करा, परत बसवा की सायकलचा स्वभावच बदलतो. चाकाचा मधला भाग म्हणजे हब, आणि अशा दोन बाजूंच्या हबला फ्लिप-फ्लॉप हब म्हणतात. पहिले सहा महिने मी फिक्स्डवर काढले, पुढचे पाच फ्रीव्हीलवर. रोजचं जाणं-येणं मिळून वीसेक किलोमीटर, बराचसा रस्ता सपाट, मध्ये एक दमवणारा चढ आणि अर्थात तोच परतीचा उतार. "कोणती घेऊ?" असं विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो.

फरक माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. गिअर दोन्हींत एकच. सिंगल स्पीडवर पाय थांबवले तरी सायकल आपली टिकटिक करत पुढे जात राहते, आपण लहानपणापासून चालवत आलो तशीच. फिक्स्डवर चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुमचे पाय. उतार असो, वळण असो, सुटका नाही. पायडलला उलटा जोर दिला की सायकल हळू होते.

वाचताना हे एवढंसं वाटतं. पहिल्याच दिवशी समोर गतिरोधक आला. आयुष्यभराची सवय अशी की पाय आडवे धरायचे, सीटवरून किंचित उठायचं आणि अलगद पार व्हायचं. मी पाय आडवे धरले. सायकलने नाही धरले. खालून कुणीतरी लाथ मारावी तसं मागचं पायडल वर आलं, मी सीटवरून उडालो आणि छाती हँडलवर टेकवून कसाबसा सावरलो. शेजारून चाललेल्या शाळकरी मुलाने "काका, ब्रेक फेल?" असं विचारलं. ब्रेक शाबूत होता, फेल मी झालो होतो.

पहिले दोन आठवडे असेच गेले. मेंदू "थांब" म्हणतो, सायकल "चल" म्हणते. तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ही भांडणं मिटली, आणि कधी मिटली ते कळलंही नाही.

मग मजा सुरू झाली. फिक्स्डचं कौतुक करणारे "सायकलशी एकरूप होणं" वगैरे बोलतात, त्यातलं मला फारसं कळलं नाही. मला जे जाणवलं ते अगदी साधं होतं. गर्दीत अगदी हळू चालवताना ब्रेकला हात लावावा लागत नाही. पुढचा रिक्षावाला हळू झाला की पाय आपोआप जड होतात, तो सुटला की हलके. ओल्या रस्त्यावर मागचं टायर पकड सोडायला लागलं तर ते तळपायाला आधी कळतं. सिग्नलला पाय न टेकवता जागच्या जागी तोल सांभाळणं, म्हणजे ट्रॅकस्टँड, फ्रीव्हीलपेक्षा फिक्स्डवर कितीतरी सोपं, कारण सायकल पायानेच इंचभर मागेही घेता येते. मला सलग दहा सेकंद जमतं. अकराव्याला पाय खाली.

चढाबद्दलचा माझा अंदाज साफ चुकला. फिक्स्डवर चढ जास्त जड जाईल असं वाटलं होतं. उलट तोच जरा सुसह्य वाटला. पायडल अगदी वर आणि अगदी खाली असतं तिथे पायाचा जोर लागत नाही, पण फिरतं चाकच चेनमार्फत पायडलला त्या मेल्या जागेतून पुढे नेतं. जीव काढतो तो उतार.

थोडं गणित करू. माझ्या पुढच्या चेनव्हीलला ४८ दाते, मागच्या कॉगला १७. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे २.८२ फेरे. २५ मिलिमीटर रुंद टायरचा परीघ साधारण २.१ मीटर धरला तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल ५.९ मीटर पुढे जाते. मिनिटाला ९० फेरे मारले की ताशी ३२ किलोमीटर, छान. आता उतारावर सायकल ४५ने सुटली की पाय मिनिटाला १२५पेक्षा जास्त वेळा फिरले पाहिजेत. अशा वेळी माणूस सीटवर चेंडूसारखा उडायला लागतो. आणि पाय पायडलवरून निसटला तर गरगरणाऱ्या पायडलवर तो परत ठेवणं म्हणजे चालत्या पंख्यात हात घालणं. म्हणून फिक्स्ड चालवणार असाल तर पायाला पट्टे हवेतच. मी सुरुवातीला पट्ट्यांशिवाय चालवली, पिंडरीवरचा व्रण अजून आहे.

मूळ सायकलला १७ नव्हे, १६ दात्यांचा कॉग होता. तो का बदलला ते सांगतो, कारण दुकानात हे कुणी सांगत नाही. फिक्स्डवर पाय अडवून मागचं चाक घसरवत थांबायचा नाद मला लागला होता. अडीच महिन्यांत टायर एकाच जागी घासून आतले धागे दिसायला लागले. बाकी टायर नवाकोरा! कारण सरळ आहे. ४८ला १६ने भागलं की बरोबर ३. पायडलचा एक फेरा झाला की चाकाचे तीन पूर्ण फेरे होतात, त्यामुळे पाय दर वेळी त्याच स्थितीत अडवला की रस्त्याला टायरचा तोच भाग लागतो. १७ दाते घेतले की भागाकार पूर्ण जात नाही आणि झीज १७ जागी वाटली जाते. १८ घेऊन उपयोग नव्हता, तिथे ८ला ३ असा भाग जातो, म्हणजे तीनच जागा. एका दाताने टायरचं आयुष्य बदललं, चढही थोडा हलका झाला.

ब्रेकबद्दल मात्र मी हट्टाने बोलणार. "पाय हाच ब्रेक" म्हणत पुढचा ब्रेकच काढून टाकणारे लोक आहेत. दिसायला सायकल देखणी दिसते, कबूल. पण थांबताना वजन पुढच्या चाकावर जातं आणि मागचं हलकं होतं. ते पायाने अडवा नाहीतर ब्रेकने, त्याची पकड मर्यादितच राहते. घसरत थांबायला जेवढं अंतर लागतं त्याच्या कितीतरी आधी पुढचा ब्रेक सायकल उभी करतो. बंदिस्त ट्रॅकवरच्या शर्यतीत ब्रेक नसतात, कारण तिथे सगळेच बिनब्रेकचे असतात आणि समोरून बस येत नाही. रस्त्यावर येते.

आता एक खरीखुरी भीतीची गोष्ट. कॉग बदलून आणल्यानंतर आठवड्याभराने पायाने वेग कमी करताना मागून "टक्" असा बारीक झटका यायला लागला. जोर पुढे दिला की टक्, मागे दिला की टक्. मला वाटलं चेन सैल असेल. चाक काढून बघितलं तर लॉकरिंग, म्हणजे कॉगच्या बाहेरून आवळायची कडी, बोटाने फिरत होती. कॉगचा आटा नेहमीसारखा उजवा, लॉकरिंगचा आटा उलटा. त्यामुळे मागे जोर दिल्यावर कॉग सुटायला बघतो तेव्हा लॉकरिंग त्याला अडवून धरते. अर्थात ती घट्ट असली तर! कॉग बसवणाऱ्याने ती नुसती टेकवून सोडली होती. उतारावर कॉग आटे खाऊन मोकळा फिरला असता तर पायाने थांबणं संपलंच होतं. पुढचा ब्रेक होता म्हणून हे एवढ्या शांतपणे लिहितोय. तेव्हापासून नवा कॉग लावला की तो चेनचा तुकडा लावलेल्या खास पान्याने आवळायचा, एक चढ चढून यायचा म्हणजे तो आणखी बसतो, आणि मग लॉकरिंग पुन्हा आवळायची, असा माझा नियम आहे. काहीजण फ्रीव्हीलच्या बाजूलाही फिक्स्ड कॉग चढवतात, त्या बाजूला लॉकरिंगची जागाच नसते. तसं करू नका.

दुसरी सूचना चेन पुसणाऱ्यांना. साध्या सायकलला स्टँडवर उभं करून, पायडल फिरवत, फडकं चेनवर धरायची आपली पद्धत असते. फिक्स्डवर ते कधीही करू नका. चाक फिरत असताना फडकं चेन आणि दात्यांमध्ये ओढलं गेलं तर बोटही जातं, आणि तिथे पायडल मोकळं सुटत नाही. मी चेन थांबवून, चार-चार कड्या पुसून पुढे सरकवतो. वेळ लागतो, बोटं दहाच्या दहा आहेत.

सहा महिन्यांनंतर चाक उलटवलं ते गुडघ्यामुळे. उतारावर रोज उलटा जोर देऊन उजव्या गुडघ्याच्या वर एक कायमची ठसठस राहिली होती. फ्रीव्हीलची बाजू लावली, १८ दाते. एक दात वाढला की चाक साधारण तीन मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं, मागच्या खाचेत तेवढी जागा असते, चेन तीच चालते. मागचा ब्रेक मात्र आता आवश्यक झाला, तो मी आधीच बसवून घेतला होता.

पहिल्या उतारावर पाय थांबवले आणि अक्षरशः हसायला आलं. वारा, टिकटिक आणि काहीही न करणं! पाच महिन्यांत ठसठस गेली. वळणावर आतलं पायडल रस्त्याला घासण्याची धास्ती गेली, कारण ते वर धरता येतं. खड्ड्यांवरून पाय आडवे करून जाता येतं. चेन थोडी सैल झाली तर फार तर ती पडते आणि हात काळे होतात, फिक्स्डवर तीच पडली असती तर मागचं चाक अडकू शकतं. खर्च वाढला तो ब्रेकच्या रबरांचा. फिक्स्डवर जी सहा महिने पुरली, ती इथे निम्म्या वेळात संपली. आणि स्वस्त फ्रीव्हीलचा आवाज पावसात बदलतो, आतल्या खिट्ट्या चिकटायला लागतात. तेल सोडलं की महिनाभर गप्प.

गेलं काय? गर्दीतली ती नजाकत गेली. हळू चालवताना मी पुन्हा ब्रेकला लटकायला लागलो. पण पाय सतत फिरवत ठेवायची सवय मात्र राहिली, आणि ती सिंगल स्पीडवर फार कामाला येते.

दोन बाजूंचं चाक ही कल्पना जुनीच आहे. टूर द फ्रान्समध्ये १९३७ साली डिरेलर, म्हणजे चेन एका कॉगवरून दुसऱ्यावर सरकवून गिअर बदलणारी यंत्रणा, वापरायला परवानगी मिळाली. त्याआधी स्पर्धक चढाच्या पायथ्याशी उतरून चाक काढायचे आणि दुसऱ्या बाजूचा जास्त दात्यांचा कॉग पुढे आणायचे. त्यांना ते शर्यतीत जमत होतं. मला पंधरा मिलिमीटरचा पाना, दहा मिनिटं, चेनचा ताण आणि काळे हात एवढं सगळं लागतं.

म्हणून तुमचा रस्ता सपाट असेल, गुडघे ठणठणीत असतील आणि महिनाभर वेंधळेपणा चालणार असेल तर फिक्स्ड घ्या, पुढच्या ब्रेकसकट. रस्त्यात मोठा उतार असेल किंवा सायकल घरात आणखी कुणी चालवणार असेल तर सिंगल स्पीड. ठरत नसेल तर माझ्यासारखं फ्लिप-फ्लॉप हब घ्या, पण "आठवडाभर हे, रविवारी ते" या भरवशावर नको. मीही तसंच ठरवलं होतं. कोरड्या रविवारी सकाळी फिक्स्ड, एरवी फ्रीव्हील. शेवटचं चाक उलटवून दीड महिना झाला. फिक्स्ड कॉगवर बारीक तांबूस गंज धरलाय, परवा त्याला तेलाचं बोट लावलं आणि चाक होतं तसंच ठेवलं.