प्रबंध 'स्वच्छ' करून घेण्यासाठी मोजलेले 37,000 रुपये

पीएच.डी.च्या प्रबंधाचे आधी प्रसिद्ध झालेल्या मजकुराशी असलेले साम्य 34 टक्के निघाले तेव्हा मी घाबरलो आणि ते 10 टक्क्यांखाली आणून देऊ म्हणणाऱ्या एका 'संशोधन साहाय्य' सेवेला 148 पानांचे, पानामागे 250 रुपये दराने, 37,000 रुपये मोजले, हे लिहितानाही लाज वाटते. मी चोर नव्हतो. प्रत्येक उताऱ्याखाली मूळ लेखकाचे नाव होते; मात्र वाक्ये जशीच्या तशी घेऊन अवतरणचिन्हे न घातल्यास तेही वाङ्मयचौर्यच ठरते, हे पाच वर्षांत मला कोणी एकदाही सांगितले नाही.

आठवड्याने 7 टक्क्यांचा अहवाल आला. त्या रात्री मी फाइलमध्ये 'डेटा' हा इंग्रजी शब्द शोधला, तर पानोपानी डोळ्यांना दिसणारा तो शब्द संगणकाला एकदाही सापडेना. तिथेच थांबायला हवे होते! इंग्रजी 'ए'च्या जागी हुबेहूब तसेच दिसणारे रशियन लिपीतील अक्षर बसवलेले होते, म्हणजे साम्य कमी झालेच नव्हते, केवळ लपवले होते. आणि मी मात्र संगणक जुना झाला असे म्हणत उरलेले 18,500 रुपये पाठवून दिले. अन्यत्र रूढ संज्ञांचेच शब्द बदलून 'बिग डेटा'चे 'कोलॉसल इन्फर्मेशन' झाले होते. नव्याने घुसडलेल्या 27 संदर्भांपैकी 19 संदर्भांचे डीओआय, म्हणजे शोधनिबंधाची ऑनलाइन ओळख पटवणारे क्रमांक, अस्तित्वातच नाहीत. संदर्भ कोणीही दिलेला असो, तो क्रमांक स्वतः उघडून पाहा.

विद्यापीठाच्या तपासणीत अक्षरांची ही अदलाबदल लगेच उघडी पडली. मार्गदर्शकांनी फोन घेणे बंद केले. पोलीस ठाण्यात तीन फेऱ्या मारल्यावर "काम तर करून दिले ना त्यांनी?" एवढेच ऐकायला मिळाले, आणि विद्यापीठाच्या कक्षात तर तक्रार नेमकी कोणाविरुद्ध नोंदवायची, त्या सेवेच्या की तुमच्या, असे मलाच विचारण्यात आले. पावती मागितली नव्हती, ही माझी चूक; पण मजकूर 'स्वच्छ' करून देण्याच्या जाहिराती उघडपणे चालतात, त्या यांपैकी कोणालाच दिसत नाहीत काय?

सर्वांत झोंबते ते वेगळेच. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार 10 ते 40 टक्के साम्य असल्यास विद्यार्थ्याने सहा महिन्यांच्या आत सुधारित प्रत द्यायची असते, इतकेच. शिवाय संदर्भसूची, अनुक्रमणिका आणि रीतसर श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीतून वगळायचा असतो. माझ्या 34 टक्क्यांत 22 पानांची संदर्भसूची धरलेली होती. आकडा ऐकून घाबरण्याआधी त्यातून काय वगळले, ते विचारा. माझ्या प्रबंधाबाबत विद्यापीठाच्या समितीचा निर्णय प्रलंबित असताना मी मूळ प्रत काढली, अवतरणचिन्हे घातली, तीन प्रकरणे स्वतःच्या शब्दांत लिहिली. अकरा दिवसांत साम्य 8 टक्क्यांवर आले, आणि ती प्रत आता कोणी हातात घ्यायला तयार नाही.