बारा जातींचं फुलबियांचं पाकीट : जून ते फेब्रुवारी

गेल्या जूनमध्ये फुलबियांचं मिश्र पाकीट, 50 खणांचा ट्रे आणि कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशाची, वीट असा सगळा संच ऑनलाइन मागवला. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर पूर्वेची बाल्कनी, ऊन अकरापर्यंत. आता फेब्रुवारी लागलाय, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

पाकिटावर छापलं होतं, ‘वर्षभर केव्हाही पेरा’. साफ खोटं! मी भाबडेपणाने पेटुनियाही जूनमध्येच पेरला. त्याचं बी म्हणजे धूळच, खसखससुद्धा त्यापुढे थोराड. वर बोटभर माती लोटली आणि तीन आठवडे वाट बघत बसले. एक कोंब नाही. विक्रेत्याला यथेच्छ शिव्या घालून झाल्यावर कळलं, की या बीला उगवायला उजेड लागतो, झाकायचं नसतं. उरलेली चिमूट ऑक्टोबरअखेर ओल्या कोकोपीटवर नुसती भुरभुरवली आणि वर मिठाईच्या डब्याचं पारदर्शक झाकण ठेवलं. दहाव्या दिवशी हिरवी साय धरल्यासारखी रोपं! म्हणजे चूक निम्मी माझी, निम्मी पाकिटाची.

झेंडू आणि झिनिया चार-पाच दिवसांत वर आले. सासूबाई म्हणाल्या, “त्यात काय कौतुक? दसऱ्याचं तोरण टाकतो तिथेही झेंडू उगवतो.” खरंय. गोकर्णाचं बी मात्र टणक. कानशीने जरा घासून रात्रभर पाण्यात ठेवलं तेव्हा कुठे हललं.

सगळ्यात मोठा फटका जुलैत. झिनियाची तेवीस रोपं एका रात्रीत मातीलगत बारीक होऊन आडवी झाली. मर रोग. हवा दमट, पेरणी दाट, आणि मी हौसेने दिवसातून तीनदा फवारा मारत होते. तेव्हापासून ट्रे परातीतल्या पाण्यात थोडा वेळ ठेवते, पाणी खालून चढतं, आणि वरचा थर सुकल्याशिवाय पुन्हा देत नाही. त्यानंतर एक-दोनच रोपं गेली.

650 ग्रॅमची वीट भिजून आठेक लिटर झाली, ती तक्रार नाही. पण कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळजवळ काही नसतं, आणि हे संचात कुठेच लिहिलेलं नव्हतं. पहिल्या दोन बीजपत्रांनंतरची खरी पानं फुटल्यावर रोपं पिवळी पडायला लागली. मग गांडूळखत मिसळून लहान कुंड्यांत हलवली. ट्रे इतका पातळ, की रोप खालून ढकलताना दुसऱ्याच खेपेला फाटला. आता चहाचे कागदी कप, बुडाला भोक पाडून.

तेरड्याने मात्र पैसे वसूल केले. गौरीला घरचा तेरडा होता! रंग तीन दिवस म्हणतात, पण आमची झाडं महिनाभर फुलत होती. पिकलेल्या बोंडाला हात लावला की फट्कन बिया उडतात. मुलगी तासन्‌तास तेच करत बसायची. त्यातल्या मूठभर धरून ठेवल्यात. पाकिटावर एफ1, म्हणजे संकरित बी, असेल तर या भानगडीत पडू नका, पुढची झाडं तशीच निघत नाहीत.

मिश्र पाकीट पुन्हा घेणार नाही. हवी तेवढी एकेका जातीची सुटी बी घेईन, उगवणीचे टक्के आणि तपासणीची तारीख बघून. उरलेला पेटुनिया घट्ट झाकणाच्या बाटलीत फ्रिजमध्ये आहे. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय : ‘खसखस नाही’.