विनडीबीजी आणि ड्रायव्हर व्हेरिफायर: आठ महिने वापरल्यावर

माझ्या डीटीपीच्या कॉम्प्युटरला जानेवारीत निळ्या स्क्रीनने धरलं. दरवेळी कारण वेगळं: एकदा 'बॅड पूल हेडर', एकदा 'पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया'. दुकानदाराने रॅम बदलून दिली, फरक शून्य. शेवटी क्रॅशचं कारण शोधायचं मायक्रोसॉफ्टचं साधन, विनडीबीजी, उतरवून घेतलं. फुकट आहे.

विंडोजच्या फोल्डरात 'मिनीडंप' असतं, क्रॅशची नोंद, म्हणजे डंप फाइल, तिथे सापडते. डिस्क क्लीनअप करताना ती उडू शकते, तेवढं सांभाळा. फाइल उघडून ॲनलाइझची कमांड दिली की संशयिताचं नाव येतं.

आणि इथेच मी महिनाभर फसले. कधी विंडोजच्या कर्नलचं, म्हणजे गाभ्याचं नाव, कधी ग्राफिक्स ड्रायव्हरचं (ड्रायव्हर म्हणजे उपकरणं वगैरे चालवण्यासाठी विंडोजच्या आत बसणारा प्रोग्रॅम). तो ड्रायव्हर दोनदा काढून नवा टाकला. चोर सोडून संन्याशाला फाशी! कर्नलमध्ये सगळे ड्रायव्हर एकाच मेमरीत वावरतात. एकाने हद्द ओलांडून दुसऱ्याच्या जागेत लिहिलं, तर कोसळतो तो दुसरा, तोही कधी कधी तासाभराने. निळ्या स्क्रीनवरचा एररचा कोड दरवेळी बदलत असेल तर हा संशय आधी घ्यायला हवा.

त्यावर खरा उपाय म्हणजे ड्रायव्हरांवर कडक नजर ठेवणारा ड्रायव्हर व्हेरिफायर. तो विंडोज 2000 पासून विंडोजमध्येच आहे. त्यातलं 'स्पेशल पूल' ड्रायव्हरला मिळालेल्या मेमरीला लागूनच एक बंद पान, म्हणजे हात लावायला मनाई असलेला मेमरीचा तुकडा, ठेवतं. त्या पानात एक बाइट जरी लिहिला तरी मशीन जागच्या जागी थांबतं. बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर निवडून मी तो चालू केला. वीस मिनिटांत निळी स्क्रीन, आणि या वेळी डंपमध्ये नवंच नाव: दोन वर्षांपूर्वी काढलेल्या अँटीव्हायरसचा नेटवर्क फिल्टर (नेटवर्कवरची ये-जा तपासणारा ड्रायव्हर), तारीख 2016 ची. जानेवारीत नवा वायफाय डोंगल लावला होता, तेव्हापासून या दोघांचं जमत नव्हतं. त्या कंपनीचं क्लीनअप टूल चालवलं. तेव्हापासून एकही क्रॅश नाही.

व्हेरिफायर चालू असताना मशीन मंदावतं. कधी विंडोज सुरूच होत नाही; मग सेफ मोडमध्ये जाऊन 'व्हेरिफायर /रीसेट' द्यावं लागतं. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, आणि काम झालं की तो आठवणीने बंद करा.

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या लॅपटॉपवर हेच केलं. दोन दिवस व्हेरिफायर गप्प. मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमने पहिल्याच फेरीत रॅम खराब असल्याचं दाखवलं. डंपमध्ये तिथेही एका ड्रायव्हरचंच नाव होतं.